रविवारचं गाठोडं

आमच्या घरात सुट्टीच्या चार दिवसांत कुणी आजारी पडत नाही, कुणाची नोकरी जात नाही, कुणाचं नवऱ्याशी फाटत नाही. नियमच आहे तसा. गुरुवारी दुपारी आईच्या घरात पाऊल टाकलं की वाईट बातमी तोंडातून काढायची नाही, ती थेट रविवारी सकाळी. रविवारी नाश्ता उरकला की बाहेरच्या खोलीत गोल करून बसायचं आणि वयाने सगळ्यांत लहान असेल त्याने सुरुवात करायची: वर्षभरात काय मोडलं, काय बिनसलं, काय दुखतंय. याला आम्ही रविवारचं गाठोडं म्हणतो. गाठोडं सोडून झालं की रडायचं ते रडून घ्यायचं, मदत मागायची ती मागायची आणि आपापल्या बॅगा उचलायच्या.

बाहेरच्यांना हे खूळ वाटतं. माझ्या नवऱ्याला तर पहिल्या वर्षापासूनच वाटतं; तो सुट्टीतही ड्यूटी मागून घेतो आणि मला एकटीला पाठवतो. पण आईने नियम उगाच केलेला नाही. वडिलांच्या शेवटच्या सुट्टीत पहिल्याच संध्याकाळी मामाने आपलं रडगाणं लावलं, त्यावर आत्याने स्वतःचं काढलं, मग कुणामुळे कुणाचं वाटोळं झालं यावर घर डोक्यावर घेतलं गेलं. वडील आतल्या खोलीत एकटेच ताट घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे निघून गेले आणि दीड महिन्यात वडीलही गेले. पुढच्या वर्षी आईने दारातच सांगितलं, "त्यांची शेवटची सुट्टी तुम्ही भांडून नासलीत. आता चार दिवस कुणी तोंड वाकडं करायचं नाही. रविवारी काय ते ओका."

आणि खरं सांगते, नियम चांगला होता. धाकट्या भावाची नोकरी गेली त्या वर्षी तो चार दिवस पत्त्यांत लबाड्या करत हसत होता. रविवारी बोलता बोलता त्याचा आवाज फुटला, तेव्हा चार दिवस एकत्र जेवलेली माणसं त्याच्याभोवती होती. कुणी त्याला दोष दिला नाही. दादाने तिथल्या तिथे तीन फोन लावून त्याला काम मिळवून दिलं. माझं पोटातलं मूल गेलं तेही मी रविवारीच सांगितलं होतं. त्यामुळे यंदा गुरुवारी दादा माझ्याकडे आला आणि मी त्याला रविवार दाखवला, तेव्हा मला मी काही वाईट करतेय असं वाटलं नाही. नंतर वाटलं. आता दुसरं काही वाटतच नाही.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षं त्याने लोकांना वर-खाली केलं आणि त्याची सख्खी आई राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. यावर मामाचा एक ठरलेला विनोद आहे, तो दर वर्षी होतो आणि दर वर्षी दादा नव्याने हसायचा. यंदा गुरुवारी मी आणि दादाचं कुटुंब खालीच भेटलो. वहिनी आणि त्यांची मुलगी पुढे गेल्या. दादा दोन बॅगा घेऊन चढत होता, मी त्याच्या मागे. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, बॅगा ठेवल्या, कठड्याला धरून खाली वाकला.

"काय रे, दम लागला?"

"छे. बुटाची नाडी सुटलीय."

त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. नुसते पाय घालायचे बूट होते ते. मी पाहिलं आणि काही बोलले नाही, कारण वर आईने दार उघडलं होतं आणि ती जिन्यातून हाका मारत होती.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. दादा आत आला, दार पुढे ढकललं आणि फ्रिजला टेकून उभा राहिला.

"काय डॉक्टरीणबाई, पर्समध्ये काही आहे का तुमच्या?"

मी डॉक्टर नाही. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, अठरा वर्षं. पण दादा पहिल्या दिवसापासून मला डॉक्टरीण म्हणायचा.

"काय होतंय?"

"छातीत जळजळ. चाललं की वाढते, थांबलं की बसते. कधी कधी इथपर्यंत येते." त्याने हात जबड्याला लावला. "दात असेल म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, दात ठणठणीत आहेत."

आता मी काय करते ते सांगते. दुकानात माणूस येतो आणि म्हणतो, ॲसिडिटीची गोळी द्या. मी विचारते, चालल्यावर दुखतं का? हात दुखतो का, जबडा दुखतो का? जबडा म्हटलं की मी काउंटरच्या बाहेर येते. त्याला स्टुलावर बसवते, गोळी देत नाही, घरच्यांना फोन लावते. आजवर सात-आठ जणांना मी असं हॉस्पिटलात पाठवलं असेल. त्यातला एक वर्षभराने मिठाई घेऊन आला होता.

माझ्या सख्ख्या भावाला मी विचारलं, "कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस. जरा बघून घ्यावं म्हणतो. उद्या वगैरे जाऊन येऊ का?"

बाहेरून आईची चाहूल लागली. मी म्हणाले, "हळू बोल." मग म्हणाले, "उद्या गेलास तर आई विचारेल कुठे, मग सगळी सुट्टी त्यातच जाईल. रविवारी गाठोडं झालं की इथून थेट जाऊ. मी येते तुझ्याबरोबर. तोवर जिना चढू नकोस आणि हे घे." पर्समधून ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी काढून मी त्याच्या हातात ठेवली.

"चारच दिवस तर आहेत," तो म्हणाला. त्याने पट्टी खिशात टाकली, सोललेला एक बटाटा उचलून पाहिला आणि "साल जाड काढतेस" असं म्हणून बाहेर गेला.

आईच्या भीतीने मी असं केलं असं कुणाला वाटेल. मलाही दोन दिवस तसंच वाटून घ्यावंसं वाटत होतं. पण ते खरं नाही. मला माझी सुट्टी हवी होती. वर्षभर मी लोकांचे खोकले आणि मूळव्याधी ऐकते. मला चार दिवस दादाबरोबर पत्ते खेळायचे होते, आईच्या हातचं खायचं होतं, कुणाला काहीही झालेलं नसावं असं मला हवं होतं. त्यासाठी मी त्याला चार दिवस निरोगी ठरवून टाकलं.

शुक्रवार मजेत गेला. हे लिहायला लाज वाटते, पण गेला. मामा आणि आत्याने जोडी करून आम्हाला पत्त्यांत धुऊन काढलं. दादा प्रत्येक डाव हरत होता आणि हरला की पत्ते टेबलावर आपटून "ही माणसं जन्मजात चोर आहेत" म्हणत होता. त्याच्या मुलीला यंदा अठरा पूर्ण झाली. अठराच्या आतल्यांना गाठोड्यात बसू देत नाहीत, त्यांना तेवढा वेळ खाली पिटाळतात. यंदा ती पहिल्यांदा बसणार होती आणि सगळे तिला छळत होते, की तुझं असं काय दुःख आहे बाई, आधी आम्हाला तरी सांग. ती म्हणायची, "नियम म्हणजे नियम. रविवारी कळेल." दादा तिच्याकडे बघून असा काही खूश होत होता की मी मनात म्हटलं, बघ, काही नाही याला, गोळीने उतार पडलाय.

दुपारी मी आणि वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. त्या म्हणाल्या, "ह्यांची भूक कमी झालीय यंदा."

"हवा बदललीय ना," मी म्हणाले.

"हो, हवाच असेल." त्यांनी दादाचा शर्ट दोनदा झटकला, वाळत घातला, पुन्हा काढून पुन्हा झटकला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या काही विचारणार, म्हणून मी चिमट्यांची टोपली घेऊन आत आले.

त्याच संध्याकाळी धाकट्याने मला जिन्यात गाठलं. तो गाडी चालवतो, एका शाळेची. त्याचं बायकोशी वर्षभर धड नव्हतं आणि ती यंदा आली नव्हती.

"ताई, रविवारी तू काय सोडणार आहेस?"

"तुला कशाला पाहिजे?"

"माझं जड आहे गं ह्या वेळी." तो काही तरी बोलायला गेला आणि थांबला. "जाऊ दे. रविवारी."

मला वाटलं बायकोचं असेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वर गेले.

शनिवारी सकाळी खुर्च्या आणायच्या होत्या. गाठोड्याला सगळे बसतील एवढ्या खुर्च्या आईकडे नाहीत, म्हणून दर वर्षी खालच्या शिंप्याकडून सहा घडीच्या खुर्च्या आणतात आणि त्या दादा आणतो. लागतात रविवारी सकाळी, पण शिंपी रविवारी दुकान उघडत नाही, म्हणून शनिवारीच आणून ठेवायच्या. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर दादा दिसेना. "दादा कुठे गेला?" विचारेपर्यंत जिन्यात खुर्च्या घसरत गेल्याचा आवाज आला. लोखंडाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये तो पडला होता. दोन खुर्च्या त्याच्या अंगावर होत्या. मी त्या बाजूला केल्या, त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत राहिले, तोंडाने आकडे मोजत राहिले. मला ते येतं. दुकानातून आम्हाला शिकायला पाठवलं होतं. धाकट्याने आणि शिंप्याने त्याला उचलून गाडीत घातलं, मी मागच्या सीटवर गुडघे टेकून दाबत राहिले. हॉस्पिटल गाडीने सात मिनिटांवर आहे. सातच मिनिटं.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिने सांगितलं, मग हातातल्या कागदाकडे बघत विचारलं, "आधी काही त्रास होता? छातीत दुखणं, दम लागणं? कुणाला काही बोलले होते?"

आम्ही चौघं उभे होतो. वहिनी, धाकटा, मामा आणि मी. मी जमिनीवरच्या फरशा पाहत होते. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. पण कोण घेणार माझं नाव? स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो आणि त्यातला एक आत पडला होता.

"नाही," मी म्हणाले. "तसं काही नव्हतं."

डॉक्टरने कागदावर काही लिहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःची इतकी किळस आली की बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

त्या दिवसाचं फारसं आठवत नाही. पोस्टमॉर्टेम रविवारी होणार नव्हतं, म्हणून अंत्यसंस्कार सोमवारी करायचे ठरले. आईला सांगायला मामा गेला. ती रडली नाही म्हणे. कुठल्या पायरीवर पडला, एवढंच तिने विचारलं. वहिनींना आत्याने आतल्या खोलीत झोपवलं. दादाची मुलगी दिवसभर जिन्यात बसून होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाजूला सरून वाट देत होती. मी ठरवलं होतं, मरेपर्यंत हे पोटात ठेवायचं. सांगून तो परत येणार नाही आणि वहिनींच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नव्हती.

रविवारी सकाळी नऊ वाजता आई बाहेरच्या खोलीत येऊन बसली. शिंप्याने आदल्या दिवशीच खुर्च्या वर आणून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. "मांडा," आई म्हणाली. "बसा सगळे."

आत्याला वाटलं आईचं डोकं फिरलं. ती आईला म्हणाली, "वहिनी, अहो आज काय? आज राहू दे ते."

"आजच. गोल मांडा."

आईपुढे कुणाचं चालत नाही. धाकट्याने खुर्च्या उघडल्या. एका खुर्चीचा पाय वाकला होता, ती त्याने परत मिटून गॅलरीत नेऊन ठेवली. आम्ही बसलो. सगळ्यांत लहान दादाची मुलगी. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"मी काय सांगू," ती म्हणाली. "तुम्हाला माहितीय. माझे बाबा गेले."

कुणीतरी हुंदका दिला. तिच्यानंतर धाकटा. तो बराच वेळ तळहात मांडीला पुसत राहिला.

"शुक्रवारी सकाळी दादा माझ्याकडे आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, गाडी काढतोस का, जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ, कुणाला सांगू नकोस. छातीत होतंय म्हणाला. मी म्हटलं, दादा, आता गेलो तर बोंबाबोंब होईल, रविवारी दोघं जाऊ." त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, मी तुला सांगणार होतो. जिन्यात. पण नियम होता ना."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही सांगते, कारण आता लपवून काय करायचंय. मला हलकं वाटलं. मी एकटी नव्हते. क्षणभर मला धाकट्याचा पापा घ्यावासा वाटला. मग लक्षात आलं, की दादाला मी परत पाठवलं आणि तरी तो दुसऱ्याकडे गेला. म्हणजे माझ्या गोळ्यांनी काही झालं नव्हतं. त्याला कळलं होतं.

माझी पाळी आली. मी सगळं सांगितलं. बटाटे, जबडा, पट्टी, हळू बोल. डॉक्टरशी खोटं बोलले तेही सांगितलं. बोलताना मी वहिनींकडे बघत होते, त्या उठून माझ्या थोबाडीत मारतील तर बरं, असं वाटत होतं.

त्या उठल्या नाहीत. "मला तर घरीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "निघायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, आधी दाखवून येतो, तुम्ही दोघी पुढे व्हा, मी मागून येतो. मी म्हटलं, तुम्ही गुरुवारी पोचला नाहीत तर आईंना काय सांगू? तिथे तर काही सांगताही येत नाही. चार दिवस काढा म्हटलं." पदर तोंडाशी नेऊन त्या थांबल्या. "काल डॉक्टरने विचारलं तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ताई नाही म्हणाल्या. मला वाटलं, बरं झालं."

मामाने काही नाही म्हणून मान हलवली. आत्या नुसती रडत होती. शेवटी आई. आई दर वर्षी "माझं काही नाही, तुमचं झालं ना, मग उठा" एवढंच म्हणते.

"काल पहाटे तो माझ्या खोलीत आला," आई म्हणाली. "मी उठून बसले होते. पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, आई, मी आज घरी जाऊ का? म्हटलं, का रे? म्हणाला, असंच, बरं वाटत नाही. एवढा मोठा झाला, पण जाऊ का विचारत होता." तिने गॅलरीतल्या मिटलेल्या खुर्चीकडे पाहिलं. "मी म्हटलं, एक दिवस राहिलाय, उद्या सगळ्यांसमोर सांग काय ते. खुर्च्या तेवढ्या आणून ठेव, शिंपी उद्या उघडणार नाही. तो म्हणाला, बरं."

मी बोटांवर मोजत होते. बुधवारी बायको, गुरुवारी बहीण, शुक्रवारी भाऊ, शनिवारी आई. जन्मात कुणाकडे काही न मागणारा माणूस रोज एकेकाकडे जाऊन आला होता आणि रोज एकेकाने त्याला त्याच रविवारचा पत्ता दिला होता. आम्ही चौघं एका घरात जेवत होतो, एका नळावर दात घासत होतो, आणि एकमेकांपासून लपवून ठेवत होतो, प्रेमाने.

दादाची मुलगी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती. आईकडे, मग वहिनींकडे, धाकट्याकडे, माझ्याकडे. ती ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" ती म्हणाली. "मी नेलं असतं ना. इथून बस जाते."